चार जुलैची चूक

आमच्या गावच्या रेडिओवर सकाळी सातला 'आजच्या तारखेला' लागायचं. एल्डन प्रुइट वाचायचे आणि काचेपलीकडे बटणं मी सांभाळायचे. पंचवीस वर्षं. नेब्रास्कातल्या आमच्या टीचभर स्टेशनात तसा आवाज पुन्हा होणे नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगीन.

चार जुलै म्हणजे त्यांचा खास दिवस. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी ॲडम्स आणि जेफरसन, दोघेही माजी राष्ट्राध्यक्ष वारले. पाच वर्षांनी आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष, मन्रो गेले, तेही चार जुलैलाच. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले कूलिज जन्मले तेही त्याच तारखेला. एल्डन हे सगळं चवीनं सांगायचे आणि दर वर्षी एकच चूक करायचे: "आधी ॲडम्स गेले, मग जेफरसन."

कागदावर मी बरोबर टाइप केलेलं असायचं. पण हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, विनिफ्रेडबाईंना तर मुळीच नाही.

कारण लगेच त्यांचा फोन यायचा, आणि तो थेट कार्यक्रमातच लागायचा. अर्ध्या गावाला इतिहास शिकवलेल्या बाई!

"प्रुइट, जेफरसन दुपारी गेले, ॲडम्स संध्याकाळी. डोक्यात भुसा भरलाय का?"

"लिहून घेतो, बाई."

हे पहिल्यांदा बासष्ट साली झालं. चौसष्टमध्ये दोघांनी लग्न केलं. तरी चूक चालूच, फोनही चालूच. फक्त तो आता एल्डनच्याच स्वयंपाकघरातून यायचा. त्या वेळी गावातलं दुसरं कुणी स्टेशनला फोन करत नसे. मिरवणुकीच्या ट्रॅक्टरांना झेंडे बांधणारी माणसंही हात थांबवून ऐकायची. काय दिवस होते ते!

यंदा एप्रिलमध्ये एल्डन गेले. तेव्हापासून बाई कुणाशी बोलेनात. मी ॲपल पाय भाजून घेऊन गेले, तर डिश घेतली आणि दार लावलं. फोन वाजत राहायचा, उचलायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, अशानं त्या फार दिवस काढणार नाहीत. माझा जीव तुटत होता.

चार जुलैला माइकसमोर मीच बसले. "आधी ॲडम्स गेले मग जेफरसन," एका दमात म्हणून टाकलं आणि वाट बघत राहिले.

फोनचा दिवा लागला. सुट्टीला आलेला कुणी शिकागोचा शहाणा. "मॅडम, तुमचं जरा चुकलं..."

"ठेवा फोन!" मी सगळ्या गावादेखत खेकसले. "लाइन अडवू नका!"

पुन्हा शांतता. मग दिवा.

"डोरीन," आवाज घोगरा झाला होता, "जेफरसन दुपारी, ॲडम्स संध्याकाळी."

"लिहून घेते, बाई." मला रडूच फुटलं.

"आणि चुकायचं तर नीट चूक. केवढी घाई! 'आधी ॲडम्स' म्हटल्यावर तो जरा थांबायचा. मला फोनपर्यंत पोचायला वेळ मिळावा म्हणून."