तांदळातलं नाव

या बाप्पांनो, जवळ सरून बसा. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा आणि एका नवरीची गोष्ट ऐका.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत मैना लग्न होऊन आली. पोरगी पोलादपुरात रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेणारी. दिवेलागणीला लक्ष्मीपूजनाला बसवली, तेव्हा जागरणानं डोळे मिटत होते. पुढ्यात तांदळाचं ताट. दीपेश, तिचा नवरा, त्यात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिणार होता. सासू तुळजाबाईंनी ठरवलेलं, राजनंदिनी. मैना हे नाव तिच्या गेलेल्या बापानं ठेवलेलं. ते आता जाणार म्हणून सकाळपासून ती मनातल्या मनात तेच घोकत होती. पण नव्या घरात पहिल्याच दिवशी बोलायचं कसं?

समईच्या उजेडात तांदूळ लुकलुकत होते. बघता बघता त्यांचं मीठ झालं, मिठाचा डोंगर झाला, आणि धुक्यातून कणांची जोडपी हात धरून घाट चढू लागली. वर कुणीतरी मायेनं एकेका जोडप्याला नावानं हाक मारत होतं.

"नवऱ्याचं नाव घे गो," शेजारणीनं ढोसलं.

"सोडियम क्लोराईड," मैना झोपेतच म्हणाली.

माजघर हसून हसून वेडं झालं. "मंग आमच्या दीपेशला काय म्हनायचं?" शेजारणीनं विचारलं.

"मिठाचं नाव ते," मैना ओशाळली.

"मिठाला येवढं लांबडं नाव?" तुळजाबाईंनी विचारलं.

"दोघांचं मिळून आहे, आई. आधी धातू, सोडियम, जसाच्या तसा. मागून क्लोरीन येतो, त्याचं नुसतं शेपूट बदलतं. क्लोराईड. ऑक्सिजन आला तर ऑक्साईड."

"म्हंजे मूळ नाव पुसत नाय?"

"नाही. पुसलं तर कोण कुठून आलं, कळणार कसं?" मैना ताटाकडं बघत म्हणाली.

"आई, आडनाव बदललं ना? शेपूट झालं की," दीपेश म्हणाला.

"बघा, आतापास्नं बायकोकडं," शेजारीण म्हणाली.

तुळजाबाई हसल्या नाहीत. ताटात 'रा' उमटला होता. त्यांनी तळव्यानं तांदूळ सारखे केले.

"मैना लिव," म्हणाल्या. मग हलकेच, "शिवथरला, माहेरी, मी शकू होते गो. त्या नावानं हाक मारनारं आता कुनी उरलं नाय."

बाप्पांनो, आज देवाचं नाव घ्याल, त्याच्यामागं एकदा शकूचंही घ्या.