कढीपत्त्यातलं घरटं

तात्याबाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला आठ महिने झाले होते. जत तालुक्यातल्या रस्त्यांवर मुकादमी करून थकलेला हा धिप्पाड माणूस आता बाजेवर पडून नुसता आढ्याकडं बघायचा. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, "बोलतं ठेवा." रंगूबाईनं हाका मारमारून घसा कोरडा केला, नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्र्याण्णवच्या फाल्गुनात खिडकीबाहेरच्या कढीपत्त्यावर बुलबुलाची जोडी आली, आणि तात्याबानं मान वळवली. रंगूबाईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

मग तिनं ध्यासच घेतला. झाडाखाली मातीच्या पसरट परळात पाणी ठेवलं. बाजारातनं मऊ पडलेली पपई आणून फांदीत खोचली. भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं. जोडीनं घरटं बांधलं, दोन पिल्लं झाली. तात्याबा दिवसभर तिकडंच बघायचा.

चैत्रात गावात पाण्याचा टँकर यायचा बंद झाला. परळ भरताना बघून शेजारची शकुंतला तडकली, "माणसं पाण्यावाचून तडफडत्यात, आन तू पाखरं पाजतीयास व्हय?"

"पाखरं गेली तर ह्ये बी जातील गं," रंगूबाई एवढंच म्हणाली.

आठव्या दिवशी घरात तांब्याभर पाणी उरलं. घागर घेऊन ती दोन मैलांवरच्या विहिरीला निघाली. "आवं, येते मी. पाखरांवर ध्यान ठेवा."

विहिरीवर रांग लागली होती. परतायला ऊन डोक्यावर आलं. दारात येते तो बाज रिकामी. तात्याबा उंबऱ्यावर पालथा पडला होता. कोपर सोलपटलं होतं, डावा हात झाडाकडं ताणलेला. घरटं फांदीवरून लोंबत होतं. खाली चार पिसं.

"मां... जर," तात्याबा म्हणाला.

घागर तशीच टेकवून रंगूबाई खाली बसली. "काय म्हणालात?"

"मांजर."

त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती ओरडली, "शकू, आगं बोललं! ह्ये बोललं!" शकुंतला धावत आली. दोघींनी मिळून त्याला बाजेवर घेतलं.

दुपारी मादी चोचीत किडा धरून आली. रिकाम्या घरट्याभोवती फिरली, ओरडली, गेली, पुन्हा आली. दोन दिवस तिचं हेच चाललं. तात्याबाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि रंगूबाई बाजेशी बसून त्याला विनवत होती, "पुन्यांदा म्हणा की. मांजर म्हणा. माजं नाव घ्या."

तिसऱ्या दिवशी मादी आली नाही. तात्याबानं मान खिडकीकडून काढली आणि भिंतीकडं केली.

रंगूबाईनं त्याचा खांदा धरून हलवला. आधी हळू, मग जोरात.

"आवं, माजं चुकलं. मी जायाला नको हुतं. शिवी द्या मला. एक शिवी तरी द्या."