पट्ट्याचं गाणं

घोगऱ्या आवाजामुळे शाळेत तिला सगळे 'भोंगा' म्हणायचे. आता त्याच आवाजासाठी लोक रांगा लावत. पण त्या दुपारी तालमीत पहिल्याच ओळीला तिचा सूर चुकला, कारण रिकाम्या सभागृहाच्या दारात दादा उभा होता.

नव्या गाण्यात तिने सगळं ओकून टाकलं होतं. जिन्यात वडिलांची पावलं वाजली की पलंगाखाली शिरणारी दोन भावंडं, खुंटीवरचा पट्टा, आणि धाकटीला वाचवायला आधी बाहेर येऊन मार खाणारा भाऊ. दादाला एका शब्दाने विचारलं नव्हतं. गाणं गाजलं आणि दादाचे फोन बंद झाले. घरचं चव्हाट्यावर आणलं म्हणून तो दुखावलाय, हे ती धरूनच चालली होती.

ड्रमवाल्याला थांबायची खूण करून ती खाली उतरली. दादा गॅरेजमधून तसाच आला होता, नखांत ग्रीस.

"रागावलायस ना?"

"आधी बसू तरी दे." तो खुर्चीत टेकला. "गॅरेजात सगळे तुझं गाणं गुणगुणत होते. मी गाडीखाली होतो. तसाच पडून राहिलो."

"दादा, मी..."

"ऐकून तर घे! तुझी वहिनी लग्नापासून विचारतेय, पट्टा का लावत नाही, सारखी पँट वर ओढत काय हिंडता? मी आपला हसण्यावारी न्यायचो. सांगायला जीभच रेटायची नाही. परवा तिला समोर बसवून तुझं गाणं लावलं. संपल्यावर म्हटलं, तो भाऊ मीच."

"मग?"

"मग काय, दोघंही ढसाढसा रडलो. उरलेलं मी सांगितलं. सगळं. काल बाजारात जाऊन तिने हे आणलं."

त्याने जाकीट उघडलं. पँट खांद्यांवरून अडकवायचे लालभडक गॅलिस!

"सर्कशीतला विदूषक दिसतोयस," ती म्हणाली, आणि हसता हसता मटकन खालीच बसली. कितीतरी आठवड्यांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

"फोन का नाही केलास रे?"

"काय बोलू, सुचत नव्हतं. वहिनीच म्हणाली, फोन राहू दे, समोर जा. बाहेर गाडीत बसलीय. म्हणते, एवढ्या मोठ्या गायिकेपुढे कशी येऊ?"

"वेडी आहे का ती!" असं म्हणत ती अनवाणीच दाराकडे धावली.