तिसरी

“पंधरा मिनिटं उरलीत! कोट काढा, पाय मोकळे करा!” प्रशिक्षकबाई मैदानाच्या कडेने ओरडत होत्या आणि भिंगरीचा फोन वाजत होता. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. दुसरी तशीच हातात धरून तिने फोन कानाला लावला.

“झाली का गं शर्यत?” आईने विचारलं.

भिंगरी हे नाव बाबांनी ठेवलेलं. पोर जेवताना एका जागी बसेल तर शपथ! त्याच पायांच्या जोरावर ती परदेशातल्या विद्यापीठात शिकायला आली होती. सकाळी पळायचं, दुपारी वर्गात पेंगायचं, संध्याकाळी पुन्हा पळायचं. दोन वर्षांत पहिल्या पाचांत एकदाही आली नव्हती. बाबा घड्याळजी. त्यांनी घरच्या भिंतीवर एक घड्याळ खास तिच्या वेळेवर लावलं होतं. इकडे थंडीच्या तोंडावर सगळे आपापली घड्याळं तासभर मागे घेतात. त्या दिवशी बाबा स्टुलावर चढून काटे फिरवत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. यंदाचा तो दिवस परवाच होऊन गेला होता.

“अकराची होती ना? तुझ्या घड्याळात पावणेबारा झाले, म्हणून फोन केला.”

मैदानावर आत्ता कुठे पावणेअकरा वाजले होते. “पावणेबारा? बाबांनी काटे नाही का...”

“आधी खाली बस कुठेतरी. बसलीस? बाबा पहाटे गेले गं.”

भिंगरी उभीच राहिली.

“चार दिवस छातीत दुखत होतं. म्हणाले, शर्यत होईपर्यंत पोरीला कळवलंत तर याद राखा. जन्मात कधी काही मागितलं नाही त्या माणसाने, हे एवढंच मागितलं. पाळलं बघ मी. दिवसभर त्या घड्याळासमोर बसून काढला.”

समोर मुली उड्या मारून अंग गरम करत होत्या. ‘अजून व्हायची आहे’ असं नुसतं म्हटलं असतं, तर आई उरलेलं आयुष्य त्या एका तासावर कपाळ आपटत बसली असती.

“पाळलंस आई. झाली शर्यत.”

“कितवी आलीस?”

पहिली म्हणायला जीभ वळेना.

“तिसरी.”

आईने फोन बाजूला धरला असावा. आवाज लांबून आला. “अहो, तिसरी आली हो तुमची भिंगरी. ऐकलंत का?”

मग दादा फोनवर आला. “तिसरी? शाब्बास. निकाल लागला की बघतो मी नेटवर. तुला पोचायला दोन दिवस लागतील गं. आम्हाला थांबता नाही यायचं.”

“नका थांबू.”

प्रशिक्षकबाई जवळ आल्या. “घरचा फोन? काय म्हणतात?”

“निकाल विचारत होते.”

बाई हसल्या. “शर्यत अजून सुटली नाही, तर निकाल कसला? नाडी बांध आधी!”

सहा किलोमीटर. माळ, चढ, झाडी आणि घोट्यापर्यंत चिखल. भिंगरी एरवी मागच्या घोळक्यात असायची. आज पाय तिला विचारतच नव्हते. चढावर ती सातवी होती, झाडीतून बाहेर पडली तेव्हा चौथी. शेवटच्या वळणावर तिसरी आली आणि पुढच्या दोघींचे खांदे पडलेले तिला दिसले.

“दमल्या त्या! गाठ त्यांना!” दोरीपलीकडून धावत बाई किंचाळत होत्या.

गाठता आलं असतं. छातीत दम होता, पायांत बळ होतं. आयुष्यात पहिल्यांदाच पुढे फक्त दोन पाठी होत्या. पण दादा निकाल बघणार होता. आणि तिकडे बाबांना सांगून झालं होतं. एक मुलगी मागून धापा टाकत आली, तिला तिने पुढे जाऊ दिलं नाही. पुढच्या दोघींना मात्र जाऊ दिलं.

रेषेपलीकडे सगळ्या चिखलात आडव्या पडल्या. भिंगरी एकटी ताठ उभी होती. बाईंनी तिचा श्वास बघितला आणि त्यांचा पारा चढला.

“दम शिल्लक आहे तुझा! पहिली येत होतीस, मूर्ख मुली!”

“हो. येत होते.”

तिला उभं राहवेना. बसवेना तर मुळीच. ती वळली आणि त्याच चिखलातून पुन्हा पळत सुटली, आधीपेक्षा जोरात. चढापाशी एक म्हातारा कर्मचारी दोरी गुंडाळत होता.

“अगं पोरी, संपली शर्यत!” तो ओरडला.

ती जवळ आली तेव्हा त्याला तिचा चेहरा दिसला. त्याने हातातली दोरी जमिनीवर सोडली आणि बाजूला सरून तिला वाट दिली.