सातवी खुर्ची

मी घोरत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमचे हे चाळीस वर्षं म्हणायचे, घोरतेस. मीही तितकीच वर्षं भांडले. ते गेले, भांडण राहिलं.

मुलाने नोकरी सोडून मागच्या खोलीत खुर्च्यांचा धंदा मांडला. कर्ज नको, भागीदार नको, बाहेरचा छदामही नको, असा त्याचा बाणा. मग काय, घरचंच लाकूड. आधी पलंग गेला, मग सुनेचं कपाट. मेलीने ब्र काढला नाही. मालाची परीक्षाही घरचीच: आईला डुलकी लागली तर खुर्ची पास.

सहा खुर्च्यांत माझा डोळा लागला नाही. एक पाठीला टोचे, एकीत पाय लोंबकळत. सून म्हणाली, आईंना फक्त बाबांचीच खुर्ची हवी. खोटं कशाला बोलू, दुपारी मला झोप यायची ती खिडकीजवळच्या ह्यांच्या खुर्चीतच.

मग एका डॉक्टरांनी दवाखान्यासाठी वीस खुर्च्या हव्यात म्हणून विचारलं, पण परीक्षा समक्ष बघणार म्हणाले. हे जमलं नाही तर एक तारखेपासून पुन्हा नोकरी, असं मुलाने सांगितलं. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. मी मनाशी ठरवलं, झोपेचं सोंग घ्यायचं.

डॉक्टर आले. मी सातव्या खुर्चीत बसले, डोळे मिटले, मानसुद्धा कलती केली. जरा वेळाने सुनेचा आवाज आला.

"झोपल्या नाहीत अजून. झोपल्या की घोरतात."

अशी तळपायाची आग मस्तकात गेली! पण डोळे उघडले तर मुलाची ऑर्डर बुडणार, आणि खोटं घोरले तर ह्यांच्यापुढे चाळीस वर्षांची हार. गप्प पडून राहिले. डॉक्टर गेले की हिला काय काय सुनवायचं, ते मनात जुळवत होते.

जाग आली तेव्हा डॉक्टर गेलेले, चहावर साय धरलेली. सून पदर तोंडाला लावून हसत होती. मुलाचे डोळे मात्र भरलेले.

"आई, वीस खुर्च्या," तो म्हणाला. "पाऊण तास घोरत होतीस."

समोर खिडकीजवळ ह्यांची खुर्ची होती. मी तिच्याकडे बघितलं.

"बरं, घोरते मी," म्हटलं. "झालं समाधान?"