रुक्मिणी कावून रुसली, हे कोण म्हणे?

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेले तुम्हीसुद्धा थोडे पुढे सरका. देवाघरची गोष्ट दुरून ऐकली की अर्धी वाऱ्यावर जाते. आज रुक्मिणीची एक गोष्ट सांगतो, आणि त्या गोष्टीपायी विद्यापीठात अडकून पडलेल्या एका बाईचीही. दोन्ही गोड आहेत.

बाईंचं नाव चारुशीला. राहणार अकोला. लेकींची लग्नं उरकली, पन्नाशी ओलांडली आणि बाईंनी अमरावतीला मराठीच्या एम.ए.ला नाव घातलं. मूर्तिजापूरवरून जाणारी एस.टी., मांडीवर डबा, खिडकीशी पुस्तक. वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणत आणि डब्यातली भाजी न विचारता खात.

पहिल्याच सत्रात निबंध आला. शाळेतला फुलपाखरांचा नव्हे, अभ्यासाचा निबंध. तो मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं. शिकवायला संघपाल सर, वयानं काकूंच्या थोरल्या लेकीएवढे. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘आधी विधान, मग आधार, मग आपला विचार.’ आणि वळून म्हणाले, “आपलं म्हणणं एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ते अजून आपल्यालाच कळलेलं नाही असं समजा.”

काकूंनी विषय घेतला ‘वऱ्हाडच्या कीर्तनातली रुक्मिणी’. घेणारच. रुक्मिणी म्हणजे आपल्या तिवशाजवळच्या कौंडिण्यपूरची लेक, आणि काकू लहानपणापासून कीर्तनाच्या सतरंजीवर वाढलेल्या.

पहिला खर्डा परत आला. त्यात आधी गणपती, मग सरस्वती, मग सद्गुरू, मग मायबाप, आणि कोणी राहू नये म्हणून विभागप्रमुख.

सर म्हणाले, “चारुशीलाताई, नमन झकास आहे. पण निबंध तिसऱ्या पानावर सुरू झालाय.”

“देवाला हात न जोडता सुरुवात कशी करू, सर?”

“मनात जोडा ना. मी कुठे बघायला येतो?”

पोरं हसली, काकूही हसल्या आणि नमन मनात करून नव्यानं लिहायला बसल्या. दुसरा खर्डा थेट मुद्द्यावर आला. विधान होतं, ‘वऱ्हाडी ही रुक्मिणीची माहेरची बोली, असं आपली जुनी परंपरा मानते.’ आणि आधाराला ती गोष्ट. तीच आता ऐका.

रुक्मिणी द्वारकेला नांदायला गेली, म्हणे. तिकडचं वरण गोड, भाजी गोड. पोरीला घास उतरेना. बसली रुसून. देव जवळ आले, म्हणाले, “प्रिये, रोषाचं कारण?” तिनं तोंड फिरवलं. देवांनी बासरी वाजवली, तिनं कानात बोटं घातली. देव हरले! शेवटी उद्धवाला बोलावून म्हणाले, जा, वऱ्हाडात जा आणि हिची भाषा शिकून ये. उद्धव आला, शिकला, परत गेला, देवांच्या कानाला लागला. मग देव रुक्मिणीपाशी गेले, खाली बसले आणि म्हणाले, “कावून रुसली व?” का रुसलीस गं, एवढंच. झालं! खुदकन हसली माय. म्हणाली, “मले मिरचीचा ठेचा पायजे.”

बायको रुसली तर तिच्या बोलीत विचारावं, हे देवालासुद्धा शिकावं लागलं. मला तर ही गोष्ट ऐकताना दर वेळी डोळ्यांत पाणी येतं आणि भूकही लागते.

सरांनाही हसू आलं. पण खर्ड्यात जिथं जिथं ‘म्हणे’ होतं, तिथं त्यांनी लाल गोल काढला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ‘कोण?’ मिरचीखाली तर दोन रेघा.

“कोण म्हणजे काय, सर?” काकू तडकल्या. “साऱ्या जगाले माहीत हाये!”

“जग तळटिपेत मावत नाही, ताई. कुठल्या ग्रंथात आहे ते सांगा. आणि मिरची तर आपल्याकडे चार-पाचशे वर्षांपूर्वी जहाजातून आली. देवाच्या रुक्मिणीनं ती मागितली कशी?”

काकू ग्रंथालयात गेल्या. पोथ्या पाहिल्या, ग्रंथ चाळले. रुक्मिणी सापडायची, ‘कावून’ सापडेना. सर म्हणाले, शनिवारपर्यंत आधार द्या, नाहीतर गोष्ट काढा. गोष्ट काढली तर निबंधात उरत काय होतं? आणि निबंध गेला की परीक्षा गेली. अकोल्याच्या गाडीत बसताना काकूंनी मनात ठरवून टाकलं होतं की हे आपलं काम नव्हे.

तरी एक जागा विचारायची राहिली होती. ही गोष्ट त्यांनी ऐकली ती आत्याच्या तोंडून. शकुनबाई, वडिलांची बहीण. उभ्या वऱ्हाडात अचलपूरपर्यंत कीर्तनं केलेली बाई. आता गुडघे धरलेत, तर अकोल्यातच जुन्या शहरातल्या देवळात खुर्चीवर बसून करते. काकू थेट तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

“आत्या, ती कावूनची गोष्ट कोणत्या पोथीतली?”

आत्या मेथी निवडत होती. “कावून? पोथीले काय काम पडलं?”

“माझे सर विचारतात, कोण म्हणे?”

आत्या आधी हसली. मग मेथीची जुडी बाजूला ठेवली. “मीच म्हने बाई. दुसरं कोन म्हननार?”

“म्हणजे तू रचलीस?”

“तिवशाले कीर्तन होतं. समोरच्या बाया पेंगून राह्यल्या होत्या. म्हटलं, या बायायले यायच्याच बोलीतली रुक्मिणी देऊ. मिरची माहीच. ठेच्याबिगर वऱ्हाड होते का?”

“मग सरळ सांगायचं ना, माझी गोष्ट म्हणून!”

“वा वं शहाणी! बाईनं म्हटलं का हे माह्या मनातलं हाये, तं उठून जातीन लोक. ‘म्हने’ म्हटलं का बसतेत.”

काकू तशाच उठल्या, अंगणात आल्या आणि सरांना फोन लावला. भीत भीतच सांगितलं, सर, आधार सापडला, पण तो माझी आत्याच आहे. गोष्ट जुनी नाही. माझं विधान चुकलं.

पलीकडून सर जवळजवळ ओरडलेच. “चुकलं कुठं, आता तर सापडलं! विधान बदला, ताई. आणि आत्याबाईंचं नाव तळटिपेत टाका. फक्त त्यांची परवानगी घ्या.”

आणि इथंच आत्या अडली. “नाव नोको टाकू. लोक म्हनतीन, देवाच्या तोंडी आपली बोली घातली अन् वरतून नाव मिरवते. गर्व व्हते तो.”

काकू तिच्यासमोर बसल्या. “आत्या, अभंगाच्या शेवटी संत आपलं नाव घालतात. तो गर्व आहे का?”

“जीभ आवर! ते गर्व नाई. चुकलं-माकलं तं मले धरा, म्हनून नाव असते ते.”

“मग तुझ्या गोष्टीत चुकलं-माकलं तर कोणाला धरायचं? माझे सर मला धरून राहिलेत!”

आत्यानं जुडी पुन्हा पुढ्यात ओढली.  मग मेथीची काडी तोडत म्हणाली, “लिही. पन शकुन लिहिजो. शकुंतला नोको लिहू, बँकेवाले तसंच करतेत.”

शनिवारी काकूंनी निबंध दिला. पहिलंच वाक्य होतं, ‘वऱ्हाडातल्या एका कीर्तनकार बाईनं आपली स्वतःची रचना “म्हणे” या शब्दाआड ठेवली आणि त्या आडोशानं देवाला आपली बोली शिकवली.’ खाली तळटीप, ‘शकुन पाठक, कीर्तनकार, अकोला, यांच्याशी झालेलं बोलणं.’ सरांनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं, मग स्वतःशीच पुन्हा वाचलं आणि सही केली.

काकूंनी गाडीतूनच आत्याला फोन केला. “आत्या, मंजूर झाला!”

“म्हन्जे मी एम्ये झाली का?”

“तू नाही, मी व्हायची आहे अजून!”

“हो का? बरं. मंग चांगला अभ्यास कर, बाई.”

तर मंडळी, गोष्ट संपली. ठेचा खाताना, माहेरची बोली कानावर पडताना किंवा देवळात रुक्मिणीपुढे उभं राहिल्यावर, आमच्या अकोल्याच्या शकुनबाईंची आठवण काढा. नाव घेऊन काढा.