न्यानताईची वाटी

पाहुणे सात असले तर मी वाट्या आठ मांडते. दहा असले तर अकरा. माझी नात उयेन हा स्वयंपाकाचा वर्ग चालवते. सुरुवातीला ती पाहुण्यांना सांगायची की आजीला नीट दिसत नाही, मोजण्यात चुकते. नंतर सांगू लागली की आमच्या गावची तशी पद्धतच आहे. पद्धत वगैरे काही नाही. ती वाटी माझ्या आईने माझ्या बहिणीसाठी ठेवायला सुरुवात केली, आणि आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

वर्ग सकाळी असतो. पाहुणे होइ आन शहरातून सायकलींवर येतात. आधी उयेन त्यांना वाफ्यांत नेते, नदीतलं शेवाळ मातीत कसं पुरायचं ते दाखवते, खांद्यावर कावड देऊन दोन झाऱ्यांनी पाणी घालायला लावते. ते अर्धं पाणी स्वतःच्या पायांवर घालतात आणि खूश होतात. शेजारच्या रेड्यावर बसून फोटो काढतात. मग विहिरीवर हात धुऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना तांदळाच्या पिठाचे कुरकुरीत घावन शिकवते आणि आमच्या गावची ती छोटी जुडी शिकवते, एक कोळंबी, डुकराच्या मांसाचा एक पातळ तुकडा, तुळशीचं एक पान, आणि हे सगळं उकळत्या पाण्यातून काढलेल्या कांद्याच्या पातीने बांधायचं.

जेवायला बसल्यावर उयेन त्यांना शेवटची गोष्ट शिकवते. आमच्याकडे लहानांनी मोठ्यांना एकेक करून हाक द्यायची असते. बाबा, जेवायला घ्या. आई, जेवायला घ्या. ताई, जेवायला घे. धाकट्याची हाक आल्याशिवाय मोठं माणूस जेवायच्या काड्यांना हात लावत नाही. पाहुणे हसत हसत एकमेकांना हाका देतात. आठव्या वाटीला कोणी हाक देत नाही. मीही नाही.

न्यानताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्या पंचांगातल्या वानराच्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या एकोणिसाव्या तिथीला, ती भाजीची कावड घेऊन होडीने बाजाराला गेली. त्या वर्षी लढाई नदीच्या दोन्ही काठांवर होती. होडी सापडली नाही. कावड सापडली नाही. ती सतरा वर्षांची होती.

गावातल्या म्हाताऱ्यांनी आईला सांगितलं की मरणाचा दिवस माहीत नसेल तर घर सोडल्याचा दिवस तिथी म्हणून धरतात, तशी धर आणि मुलीला उदबत्ती लाव. आई म्हणाली, "कुणी तिचं प्रेत बघितलंय का? जिवंत माणसाला उदबत्ती लावली तर त्याची परतीची वाट बंद होते." तिने ताईची वाटी पितरांच्या फळीवर ठेवली नाही, आमच्याबरोबर जेवणाच्या चटईवर ठेवली. आणि मला ताकीद दिली. वाटी ठेवायची, पण हाक द्यायची नाही. समोर नसलेल्या माणसाला जेवायला हाक देतात ती फक्त उदबत्तीपुढे. मरतानाही आईने हेच माझ्याकडून कबूल करून घेतलं.

माझा धाकटा भाऊ ख्येम दर वर्षी दुसरा महिना लागला की येतो. तो नदीपलीकडे राहतो, त्याला एका कानाने ऐकू येत नाही, आणि तो कान कुठल्या बाजूला फिरवायचा ते त्याला बरोबर कळतं.

"ताई, एकोणिसावी तिथी जवळ आली," तो म्हणतो.

"मग?"

"मग काय? परक्या माणसांना रोज जेवू घालतेस. आपल्या माणसाला एक उदबत्ती लावायला तुझा हात लुळा पडतो."

"आईला वचन दिलंय."

"आई वर फळीवर बसून मजेत जेवते. तिचं काय जातं?" एवढं बोलून तो बहिरा कान माझ्याकडे करतो आणि चहा मागतो.

यंदाही तो येऊन असंच बोलून गेला होता. त्यानंतर चार दिवसांनी, सोळाव्या तिथीला, मारिट नावाची नॉर्वेची बाई वर्गाला आली. उंच, पन्नाशीची, कमी बोलणारी. एकटीच आली होती. बाकीचे सहा जण एका कुटुंबातले होते आणि आपसात गुंग होते.

जुड्या बांधायच्या वेळी मी सगळ्यांच्या पाटीत डोकावत होते. लोक पात ओढतात आणि ती तुटते, हे ठरलेलंच. मारिटच्या पाटीत पाच जुड्या तयार होत्या. मी एक उचलली आणि उलटीपालटी करून बघितली.

पात डाव्या हाताने गुंडाळलेली होती, उलटी. दोन वेढे, आणि शेवट दोनदा आत खोचलेला. आमच्या गावात जुडी कोणी तशी बांधत नाही. एक वेढा, एकदा खोचायचं, झालं. न्यानताई डावखुरी होती. आई तिला रोज बोलायची, बाजारात तुझ्या जुड्या लांबून ओळखू येतात, लोक हसतात.

"हिला विचार, हे कुणी शिकवलं," मी उयेनला म्हटलं.

उयेनने विचारलं. मारिट काहीतरी म्हणाली आणि विहिरीकडे हात केला.

"आजी, ती म्हणते, विहिरीपाशी एक मुलगी होती, तिने करून दाखवलं. बोलली काही नाही. तपकिरी कपडे, केस मागे बांधलेले."

"कुठली मुलगी?"

"शेजारची असेल. मला काय माहीत?"

"शेजारची दा नांगला शिकायला गेलीय. तूच तिला बसस्टँडवर सोडून आलीस."

उयेनने विहिरीकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाली, "ही बाई स्वतःच डावखुरी असेल, आजी. ऊन लागलं असेल तिला."

वर्ग संपला की पाहुणे वहीत अभिप्राय लिहितात. मारिटने पेन उजव्या हातात धरलं. उयेननेही ते पाहिलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी वाट्या मांडल्या. आठ. सगळे बसले, हाका झाल्या, हसणं झालं. मी नेहमीसारखी चुलीजवळच थांबले. बाकीचे निघाले तरी मारिट रेंगाळली. सायकलीची मूठ धरून तिने उयेनला काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. उयेनने मान दुसरीकडे वळवली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही."

"उयेन."

"ती विचारते, त्या मुलीला जेवायला का दिलं नाही? जेवण चालू होतं तेवढा वेळ ती रिकाम्या वाटीच्या मागे उभी होती. हिने तिला बसायची खूण केली, तर ती बसली नाही." उयेन खालच्या आवाजात म्हणाली, "तुझ्याकडे बघत राहिली, म्हणते."

वाटी रिकामी नव्हती. तिच्यात भात होता, वर एक जुडी होती. पण मारिटला ती रिकामी दिसली.

त्या दुपारी मी विहिरीपाशी जाऊन बसले. कोणी नव्हतं. कठड्यावर झारी पालथी होती, खाली ओल होती. मला ताईचा चेहरा आठवेना. हात आठवत होते, पात खोचणारे, नखांत माती असलेले. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड.

आणि ती सकाळ आठवली. ती विसरले होते असं नाही. छप्पन्न वर्षांत एक दिवस विसरले नाही, फक्त कुणाला सांगितली नव्हती.

आदल्या दिवशी माझ्या हातून रेडा सुटून कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरला होता. ताईने आईला खरं काय ते सांगितलं आणि मला मार बसला. सकाळी आई-बाबा शेतात गेलेले. चटईवर आम्ही तिघंच, ताई, मी आणि पाच वर्षांचा ख्येम. रताळं घातलेला भात होता. ताईला हाक मी द्यायची. मी दिली नाही. खाली मान घालून जेवायला लागले. ती गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली. हसतच म्हणाली, "लुआ, काही विसरलीस का गं?" मी वर बघितलं नाही. ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "बरं. आज आम्ही उपाशी," आणि कावड उचलून गेली.

आई दुपारी आली तेव्हा ताईची वाटी तशीच भरलेली होती. आईने तिच्यावर झाकण ठेवलं, संध्याकाळी पोर दमून येईल म्हणून. रोज ठेवायची वाटी ती तिथून सुरू झाली.

आईने हाक द्यायला मना केलं तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. हाक न देण्याचं कारण मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी उयेनला ख्येमला फोन लावायला सांगितलं. तो धापा टाकत आला, त्याला वाटलं मी आजारी आहे. मी त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं, मारिटचं आणि त्या सकाळचंही.  त्याने बहिरा कान माझ्याकडे केला नाही.

"मला ठाऊक आहे," शेवटी तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"मी तिथेच होतो ना. पाच वर्षांचा होतो, आंधळा नव्हतो. तू तिला हाक दिली नाहीस. मला वाटलं, मी द्यावी का, पण तुझा नंबर आधी होता. तुझ्या आधी मी कसा देणार? मग मीही गप्प बसलो आणि जेवलो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोलायला दर वर्षी येतोच की. दुसरं काय करायला येतो? तुझा चहा काही एवढा चांगला नसतो."

 मी म्हटलं, "आणि ती कुठे जिवंत असली तर?"

"तर त्र्याहत्तर वर्षांची असेल. विहिरीपाशी कोण उभं होतं, म्हातारी की पोरगी?"



एकोणिसाव्या तिथीला उयेनने वर्ग ठेवला नाही. ताईचा फोटो कधी काढलाच नव्हता. मी अक्षरं शिकले ती उयेनच्या पहिलीच्या पुस्तकातून, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. अजूनही हळूहळू लिहिते. एका लाल कागदावर तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि पितरांच्या फळीवर आईच्या फोटोशेजारी टेकवलं. रताळं घालून भात केला. जुड्या बांधल्या. काड्या वाटीच्या डाव्या बाजूला ठेवल्या.

भर दुपार होती. ऊन अंगणात सरळ खाली पडलं होतं, कुणाचीच सावली दिसत नव्हती. मी तीन उदबत्त्या पेटवल्या. ख्येमने माझं मनगट धरलं. आईचा फोटो समोर होता. मी तिच्याकडे न बघता फक्त कागदाकडे बघितलं.

"न्यानताई, जेवायला घे," मी म्हटलं.

माझ्यामागून ख्येम म्हणाला, "ताई, जेवायला घे." मग उयेननेही हाक दिली, तिच्या आईच्या मावशीला, जिला तिने कधी पाहिलं नव्हतं.

उदबत्त्या विझेपर्यंत आम्ही बसून राहिलो.  विहिरीची कप्पी एकदा करकरली. वारा नव्हता. उयेनने माझा हात धरला. उठून बघायला कोणी गेलं नाही.

विझल्यावर वाटी खाली घेतली आणि आम्ही तिघांनी वाटून खाल्ली. भाताला चव नव्हती. रताळ्याचा गोडवा नाही, तांदळाचा वास नाही. पातेल्यातला तोच भात चांगला लागत होता. फळीवरून उतरलेला भात कधी कधी असा लागतो. वरची माणसं पोटभर जेवून गेलेली असतात तेव्हा.

पुढच्या आठवड्यात वर्ग पुन्हा सुरू झाला. पाहुणे पाच होते. मी सवयीने सहा वाट्या काढल्या. उयेनने ते बघितलं. मी सहावी हातात धरून उभी राहिले आणि तिला म्हटलं, "विचार यांना, विहिरीपाशी कुणी दिसलं का?"

"आजी."

"विचार."

तिने विचारलं. पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, माना हलवल्या. कोणी नव्हतं.

मी वाटी पुसून फडताळात ठेवली. आता संध्याकाळी फळीवर पाणी बदलायला जाते तेव्हा लाल कागदाकडे बघते. आईच्या फोटोकडे बघायचं मात्र अजून जमत नाही. तिने मला वाट उघडी ठेवायला सांगितलं होतं, आणि ती मी माझ्या हाताने बंद केली.